सरवा, वेस आणि शेजारणी : नामीच्या घरी धान्य कसे पोहोचले

बायबलमधल्या रूथच्या पुस्तकात चार अध्याय आणि ८५ वचने आहेत. एवढ्या मजकुरात परमेश्वराने स्वतः काही केले असे निवेदक फक्त दोनदा सांगतो. पहिल्यांदा १:६ मध्ये. परमेश्वराने आपल्या लोकांकडे लक्ष देऊन त्यांना अन्न दिले, ही बातमी परक्या मवाब देशात राहणाऱ्या नामी या इस्राएली विधवेच्या कानी येते. दुसऱ्यांदा थेट ४:१३ मध्ये. त्याने नामीची सून रूथ हिला गर्भ दिला. बाकी सगळीकडे परमेश्वराचे नाव माणसांच्या तोंडी आहे : अभिवादनात, शपथेत, तक्रारीत, आशीर्वादात. आकाशवाणी होत नाही, कोणाला स्वप्न पडत नाही, देवदूत दारात उभा राहत नाही. आणि तरीही दोन विधवांच्या रिकाम्या घरात धान्य येते, हातचे जाऊ पाहणारे शेत घराण्यात राहते आणि जिने सगळे गमावले तिच्या मांडीवर नातू येतो.

"यहोवा-यिरे, देव पुरवील" हे शब्द आपल्या प्रार्थनांत इतके सहज येतात की तो पुरवठा कोणत्या वाटेने घरापर्यंत येतो हे विचारायचे राहून जाते. नामीच्या प्रकरणात ती वाट जवळजवळ पूर्ण दिसते. कोणाच्या हातून काय आले, केव्हा आले आणि कुठे अडले, हे वचन धरून तपासता येते. इथे तेवढेच करायचे आहे.

घर रिकामे कसे झाले

काळ शास्त्यांचा, म्हणजे राजे येण्याआधीच्या इस्राएलाच्या पुढाऱ्यांचा. इस्राएलात राजा नव्हता आणि ज्याला जे बरे वाटेल ते तो करी, असे शास्ते या पुस्तकाच्या शेवटच्या वचनात लिहिले आहे. गाव बेथलेहेम, यरुशलेमच्या दक्षिणेला सुमारे ९ किलोमीटरवरचे. नावाचा अर्थ 'भाकरीचे घर', आणि त्याच गावात दुष्काळ पडला. अलीमलेख आपली बायको नामी आणि महलोन व खिल्योन हे दोन मुलगे यांना घेऊन मृत समुद्रापलीकडच्या मवाब देशात गेला. तिथे तो वारला. मुलांनी अर्पा आणि रूथ या मवाबी मुलींशी लग्ने केली. सुमारे दहा वर्षांनी दोन्ही मुलगेही वारले. हे सगळे पाच वचनांत उरकते. निवेदक रडत बसत नाही आणि दोषही देत नाही.

दोष आपण देतो. अलीमलेखाने वचनदत्त देश सोडला म्हणून देवाने त्याला शिक्षा केली, असे हे पुस्तक शिकवताना हमखास सांगितले जाते. मजकुरात तसे एक अक्षरही नाही. दुष्काळात अब्राहाम मिसरात गेला, याकोबाचे अख्खे घराणे गेले. उपासमारीपासून मुलांना वाचवायला निघालेल्या बापाच्या माथी आपण पाप मारतो, तेव्हा आपल्याच आसपासच्या अडलेल्या माणसाबद्दल हात झटकायची सोय करून घेतो, असे मला वाटते. नामी स्वतः मात्र म्हणते की परमेश्वराचा हात माझ्याविरुद्ध उठला आहे. निवेदक तिला ते म्हणू देतो. दुजोराही देत नाही आणि दटावतही नाही.

तिची कायदेशीर स्थिती काय होती हे पाहिल्याशिवाय पुढचे कळत नाही. गणना २७:८-११ मध्ये वारसांचा क्रम दिला आहे : मुलगा, मुलगा नसल्यास मुलगी, मग भाऊ, मग चुलते, मग घराण्यातला सर्वांत जवळचा नातलग. विधवेचे नाव या यादीत नाही. नवरा गेला तर बाईचा आधार मुलगा. नामीचे दोन्ही आधार गेले होते आणि पुन्हा मूल होण्याचे वय उलटले होते, हे ती सुनांना स्वतःच रस्त्यावर समजावून सांगते.

त्या रस्त्यावरचे आणखी एक वाक्य लक्षात ठेवायला हवे. सुनांना माहेरी परत पाठवताना ती म्हणते, परमेश्वर तुमच्यावर दया करो आणि तुम्हा दोघींना नवऱ्याच्या घरी विसावा मिळो (१:८-९). 'विसावा' हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे.

अर्पा रडत परत गेली. तिला नाव ठेवायचे कारण नाही, ती सासूचे ऐकून गेली. रूथ गेली नाही. तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव, असे ती म्हणाली. हे वचन लग्नसमारंभांत वाचले जाते, पण ते एका विधवेने दुसऱ्या विधवेला दिलेले आहे, आणि तेही तिच्याकडून मिळण्यासारखे काहीच उरले नसताना.

मग समुद्रसपाटीपेक्षा शेकडो मीटर खोल असलेल्या यार्देनेच्या खोऱ्यात उतरून आणि पुन्हा यहूदाच्या डोंगरावर चढून त्या दोघी बेथलेहेमात पोहोचल्या. गावात गलबला झाला. बायका म्हणाल्या, "ही नामीच ना?" नामी म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. नामी म्हणजे सुखद, मारा म्हणजे कडू. मी भरलेली गेले होते आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणले, असे ती म्हणाली. शेजारी रूथ उभी होती. दुःखात माणसाला शेजारचे माणूस दिसत नाही, हे किती खरे लिहिले आहे!

त्या दिवशी कोणी पीठ आणून दिले, चूल पेटवून दिली असे लिहिलेले नाही. गावाने ओळखले, हळहळ वाटली आणि विषय झाला. अध्यायाचे शेवटचे वाक्य एवढेच की सातूच्या कापणीला नुकती सुरुवात झाली होती.

शेताचा कोपरा

पहिली मदत एका नियमातून आली. लेवीय १९:९-१० आणि २३:२२ मध्ये आज्ञा आहे की कापणी करताना शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापू नका आणि गळालेला सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा. अनुवाद २४:१९ मध्ये भर आहे : शेतात पेंढी विसरली तर ती आणायला मागे फिरू नका, ती परक्याची, पोरक्याची आणि विधवेची. रूथ परकीही होती आणि विधवाही. या आज्ञा जणू तिचेच नाव घेऊन लिहिल्या होत्या.

लेवीय २३ मधली जागा तर मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तो अध्याय सणांचा आहे. सातूच्या पहिल्या पेंढीपासून पन्नास दिवस मोजून यायच्या सप्ताहांच्या सणाचे वर्णन संपते, आणि लगेच, दुसऱ्या सणाकडे वळण्याआधी, कोपरा सोडण्याची आज्ञा येते. वेदीवर काय आणायचे आणि शेतात काय ठेवायचे ही एकाच दमात सांगितलेली गोष्ट आहे. यहुदी परंपरेत याच सणाला रूथचे पुस्तक वाचतात.

रानात असताना इस्राएलाला अन्न वरून मिळत होते. प्रत्येक माणशी दिवसाला एक ओमर मान्ना, असे निर्गम १६:१६ मध्ये आहे. यहोशवा ५:१२ सांगते की देशाचे पीक ज्या वेळी त्यांनी खाल्ले त्यानंतर मान्ना बंद झाला. तेव्हा गरिबाच्या ताटाचे काय झाले? मान्ना थांबला आणि त्याच्या जागी शेताचा कोपरा आला, असे मी हे वाचतो. देणारा तोच. फरक हा की आता ते धान्य दुसऱ्या कोणाच्या तरी बांधाच्या आत होते.

आणि तिथेच नियमाचा कमकुवतपणा आहे. कोपरा केवढा हे तोऱ्हेत, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रात, सांगितलेले नाही. पुढे मिश्नाने, म्हणजे यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहाने, किमान साठावा भाग ठरवला, म्हणजे ते ठरवण्याची गरज पडली. रूथ घरातून निघताना म्हणते, ज्याची माझ्यावर कृपादृष्टी होईल त्याच्यामागून मी सरवा वेचीन. हक्क असेल, पण शेतात शिरू देणारा माणूस भेटायला हवा हे परदेशी असूनही तिला माहीत होते. शिवाय जिवाची भीती होती. बवाज गड्यांना तिला हात लावू नका अशी ताकीद देतो, नंतर तिला लाजवू नका, दटावू नका असे सांगतो. घरी नामी म्हणते, दुसऱ्याच्या शेतात तुला कोणी गाठायला नको. शास्ते १९ मध्ये जिच्यावर रात्रभर अत्याचार झाले ती बाई बेथलेहेमचीच होती, आणि काळ हाच. रूथ ज्या शेतात एकटी शिरली ते कसले जग होते हे विसरून ही गोष्ट गोड करू नये.

ती कोणाच्या शेतात गेली? मूळ हिब्रूत २:३ ची रचना 'योगाने तिचा योग आला' अशा दुहेरी वळणाची आहे. योगायोगाने ते शेत अलीमलेखाच्या कुळातल्या बवाजाचे निघाले. निवेदक इथे देवाचे नाव घेत नाही. वाचणाऱ्याने ओळखावे म्हणून शब्द दोनदा वापरतो आणि गप्प राहतो.

बवाजाने काय केले

बवाज गावातून शेतावर येतो, कापणाऱ्यांना "परमेश्वर तुमच्याबरोबर असो" म्हणतो, ते उलट आशीर्वाद देतात, आणि त्याची नजर नव्या चेहऱ्यावर जाते. ही मुलगी कोणाची, तो मुकादमाला विचारतो. मुकादमाच्या उत्तरात तिचे नाव नाही. नामीबरोबर मवाबातून आलेली मवाबी मुलगी, एवढेच आहे. बवाज मात्र तिला "माझ्या मुली" म्हणून हाक मारतो. सासूसाठी तिने काय केले हे आपल्या कानावर आले आहे, असे सांगतो. म्हणजे गावातल्या त्या गलबल्याचा एक उपयोग झाला होता. बातमी योग्य कानापर्यंत पोहोचली होती.

जेवणाच्या वेळचा प्रसंग मला या साऱ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. बवाज तिला म्हणतो, इकडे ये, भाकर खा, तुझा घास आंबेत, म्हणजे आंबट रसात, बुडव. ती कापणाऱ्यांच्या पंगतीत बसते. मागे, दूर, उरलेले मिळेपर्यंत वाट पाहत बसत नाही. तो स्वतः भाजलेले धान्य तिच्यापुढे करतो. ती पोटभर खाते आणि काही उरवते. संध्याकाळी सासूच्या हातात ती आधी वेचलेले धान्य दाखवते आणि मग हे जेवणातून राखून ठेवलेले काढून देते (२:१८). दिवसभर वाकून वेचणाऱ्या, पहिल्यांदा पोटभर जेवायला बसलेल्या बाईच्या मनात घरी बसलेली म्हातारी होती. बवाजाच्या हातून आलेले रूथच्या हातून नामीच्या तोंडी गेले. तेच अन्न, दोन हात.

जेवण झाल्यावर ती उठून गेली. तेव्हा बवाजाने गड्यांना सांगितले : तिला पेंढ्यांमध्येही वेचू द्या, आणि मूठभर मुद्दाम उपसून टाका, म्हणजे ती वेचील. ती पाठमोरी असताना दिलेली ही आज्ञा आहे. तो पोत्यातून धान्य मोजून तिच्या पदरात घालू शकला असता. त्याऐवजी तिच्या वाटेत कणसे वाढवली. घरी ती जे घेऊन गेली ते तिच्या कष्टाचे होते आणि त्याच वेळी दिलेलेही होते. देणाऱ्याने घेणाऱ्याची मान ताठ राहील असे द्यावे, हे त्याला कोणी शिकवले कोण जाणे. मत्तय १:५ प्रमाणे त्याची आई राहाब, यरीहोची. परक्या बाईला या लोकांत कसे उभे राहावे लागते हे त्याने घरातच ऐकले असेल, असे मानायला मला आवडते.

संध्याकाळपर्यंत वेचलेले झोडपल्यावर सुमारे एक एफा सातू भरले. निर्गम १६:३६ प्रमाणे ओमर म्हणजे एफ्याचा दहावा भाग. माणशी दिवसाला एक ओमर हे रानातले माप धरले तर एका दिवसाच्या सरव्यातून दोघींचे पाच दिवस निघतात. साठाव्या भागाच्या कोपऱ्यातून एकटीला एवढे मिळणे अवघड. मुद्दाम गाळलेल्या मुठींचा हिशेब त्या एफ्यात आहे.

नामीने ते पाहिले आणि शेताच्या मालकाचे नाव कळायच्या आधीच त्याला आशीर्वाद दिला. नाव कळल्यावर ती जे म्हणाली (२:२०) ते हिब्रूत दोन तऱ्हांनी वाचता येते : "परमेश्वर त्याचे भले करो, ज्याने जिवंतांवरची आणि मेलेल्यांवरची दया सोडली नाही." हा 'ज्याने' कोण? बवाज की परमेश्वर? व्याकरण दोन्ही चालू देते. भाषांतर करणाऱ्यांना एक निवडावा लागतो. मला वाटते नामीला त्या क्षणी निवडायचे नव्हते. थोड्याच काळापूर्वी परमेश्वराने मला रिकामी आणले म्हणणाऱ्या बाईला आता त्याची दया दिसली, ती एका माणसाच्या वागण्यात दिसली, आणि दोन्ही एकाच वाक्यात बाहेर पडले. इथला 'हेसेद' हा शब्द, नाते निभावणारी दया, पुस्तकात तीनदा येतो आणि त्यात नेहमी माणसाच्या वागण्याशी देवाचे नाव गुंतलेले असते.

प्रार्थना करणाऱ्याकडेच परत आलेली प्रार्थना

आता अडचणीची बाजू. २:२३ म्हणते की सातूची आणि गव्हाची कापणी संपेपर्यंत रूथ बवाजाच्या मोलकरणींबरोबर वेचत राहिली. म्हणजे सुमारे सात आठवडे. या काळात धान्य येत होते, पण कापणी संपली की पुढे काय? नामीच्या शेताचे काय? रूथच्या संसाराचे काय? बवाज जवळचा आप्त होता. आपले वतन सोडवण्याचा, म्हणजे हातचे जाऊ पाहणारे शेत विकत घेऊन घराण्यात ठेवण्याचा, हक्क असलेल्यांपैकी तो एक आहे हे नामीने पहिल्याच संध्याकाळी ओळखले होते. आणि त्यालाही ते ठाऊक होते, कारण पुढे मध्यरात्री, झोपेतून दचकून उठल्यावरही तो लगेच सांगतो की माझ्याहून जवळचा आणखी एकजण आहे. इतके सगळे डोक्यात तयार असून सात आठवडे तो हलला नाही. चांगला माणूस होता, रोज चांगले करत होता, आणि रोजच्या चांगल्यावर थांबला होता.

त्याला हलवले दोन बायकांनी. पहिल्या भेटीत बवाजाने रूथला आशीर्वाद दिला होता : ज्या इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली तू आश्रयाला आलीस तो तुला पुरे वेतन देवो (२:१२). पुढे नामीच्या सांगण्यावरून रूथ रात्री, तो खळ्यावर झोपलेला असताना, त्याच्या पायाशी जाऊन निजते आणि तो जागा झाल्यावर त्याला म्हणते, आपल्या दासीवर पांघरूण घाला, कारण आपण वतन सोडवणारे आप्त आहात (३:९). दोन्हीकडे हिब्रू शब्द एकच आहे, 'कानाफ'. त्याचा अर्थ पंख, आणि वस्त्राचा पदरही. तुम्ही माझ्यासाठी देवाच्या पंखाची प्रार्थना केलीत ना, मग तो पंख आता पसरा, असेच ती त्याला सांगते आहे. बवाजाला ते कळले. तो रागावला नाही.

आणि नामी? रस्त्यावर तिने सुनांसाठी परमेश्वराकडे विसावा मागितला होता. तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वाक्यात ती रूथला म्हणते, मुली, मी तुझ्यासाठी विसाव्याचे ठिकाण पाहू नको काय? हिब्रूत त्याच धातूचा शब्द. जे तिने देवाच्या स्वाधीन करून सोडून दिले होते ते तिने उचलून स्वतःच्या हाती घेतले. मारा म्हणवणारी बाई योजना करू लागली, हाच तिच्या बरे होण्याचा पहिला पुरावा आहे.

या पुस्तकात जो देवाकडे मागतो त्याच्याच दारात ते मागणे कामाच्या रूपाने परत येते. याकोबाचे पत्र २:१५-१६ जे विचारते, उघड्या-उपाशी भावाबहिणीला "ऊब घे, तृप्त हो" म्हणून काही न देता पाठवले तर काय उपयोग, ते इथे दोन पात्रांच्या वागण्यात आधीच घडून गेले आहे.

खळ्यावरच्या रात्रीबद्दल एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. योजना नामीची असली तरी धोका रूथने पत्करला. बवाज वेगळा निघाला असता, कोणी पाहिले असते, तर गावाने कोणाला काय म्हटले असते हे सांगायला नको. बवाजालाही ते दिसत होते. एकमेकांचे तोंड ओळखू येण्याआधी ती उठली आणि बाई खळ्यावर आली होती हे कोणाला कळू नये, असे तो म्हणाला. त्याने तिला 'सद्गुणी' म्हटले, आणि त्यासाठी वापरलेला 'हायील' हा शब्द २:१ मध्ये खुद्द त्याच्या वर्णनात आहे, धनवान आणि वजनदार पुरुष या अर्थाने. सरवा वेचणारी मवाबी विधवा आणि शेतमालक यांना पुस्तक एकाच शब्दाने तोलते.

जाताना त्याने तिच्या चादरीत सहा मापे सातू घातले. सासूकडे रिकाम्या हाताने जाऊ नको, म्हणून. 'रिकामी' हा शब्द नामीने गावात पाऊल ठेवताना वापरला होता. हिब्रूत दोन्हीकडे तोच आहे, 'रेकाम'. बवाजाने नामीचे ते बोलणे ऐकले होते की नाही हे लिहिलेले नाही, पण तिच्या तक्रारीला उत्तर गेले, आणि ते सुनेच्या पाठीवरून गेले.

वेशीतली सकाळ

दुसऱ्या दिवशी बवाज वेशीत जाऊन बसतो. गावची पंचायत तिथेच भरे. तो जवळचा नातलग येताच त्याला बसवतो, गावचे दहा वडील बोलावतो. आतापर्यंतची मदत खासगी होती : शेत, जेवण, चादरीतले धान्य. आता प्रकरण सगळ्यांसमोर आले.

त्या नातलगाचे नाव पुस्तक देत नाही. हिब्रूत बवाज त्याला 'पलोनी अलमोनी' म्हणतो, म्हणजे 'अरे अमक्या'. आधी शेताचा विषय निघतो. नामी शेत विकते आहे, तू सोडवतोस का? तो लगेच हो म्हणतो. मग बवाज सांगतो की शेताबरोबर मृताची विधवा रूथही आहे, मृताचे नाव त्याच्या वतनावर चालवायचे आहे. नातलग माघार घेतो : माझ्या वतनाचा नाश होईल.

त्याला खलनायक करू नये. त्याचा हिशेब बरोबर होता. शेतासाठी त्याने पैसे मोजायचे, आणि रूथला मुलगा झाला की ते शेत त्या मुलाचे, महलोनाच्या नावाचे. पैसा गेला, शेतही गेले, आणि खाणारी तोंडे वाढली. एकट्याच्या वहीत हे तोट्यातच दिसणार. बवाजाने तोच तोटा डोळे उघडे ठेवून घेतला. ज्याला आपले नाव आणि वतन राखायचे होते त्याचे नाव उरले नाही, हे निवेदकाने न बोलता दाखवले आहे.

पायतण काढून देऊन व्यवहार पक्का झाला. वेशीतले लोक आणि वडील म्हणाले, आम्ही साक्षी आहोत. आणि त्यांनी आशीर्वाद दिला की तुझ्या घरी येणारी ही स्त्री राहेल आणि लेआ यांच्यासारखी होवो, ज्यांनी इस्राएलाचे घराणे बांधले; तुझे घर तामारेपासून झालेल्या पेरेसाच्या घरासारखे होवो. अनुवाद २३:३ मध्ये मवाब्याने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये असे म्हटले आहे, आणि मवाबाचा राजा एग्लोन याने इस्राएलाला १८ वर्षे दास्यात ठेवले होते (शास्ते ३:१४). या दोन्ही गोष्टी वेशीत बसलेल्यांना ठाऊक असणार. तरी त्यांनी तिला राहेलच्या ओळीत बसवले. ४:१० पर्यंत पुस्तक तिला वारंवार 'मवाबी' म्हणते. वेशीतल्या या आशीर्वादानंतर तो शब्द पुन्हा येत नाही. ४:१३ मध्ये ती नुसती रूथ आहे. धान्य आणि शेत यांच्याइतकाच हाही पुरवठा होता, आणि तो एकटा बवाज करू शकला नसता. त्याला गाव लागले.

एक खंत मात्र राहते. चौथ्या अध्यायात रूथ एक शब्दही बोलत नाही आणि नामीही नाही. ज्या दोघींनी हे सगळे घडवून आणले त्यांच्याबद्दलचा निर्णय पुरुषांच्या बैठकीत झाला. व्यवस्था चांगली चालली तरीही ज्याच्यासाठी ती चालते त्याला बोलायला जागा मिळेलच असे नाही. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये पहिल्या ख्रिस्ती मंडळीच्या रोजच्या वाटणीत ग्रीक भाषक विधवांकडे दुर्लक्ष होत होते. तिथे तक्रार झाली, ती ऐकली गेली आणि सात माणसे नेमली गेली. वाटप होते, देणारे श्रद्धावान होते, तरी काही ताटे सुटत होती. कोणीतरी बोलल्यावरच ते दिसले.

मांडीवरचे मूल

रूथला मुलगा झाला. निवेदकाने दुसऱ्यांदा आणि शेवटच्यांदा परमेश्वराचे कृत्य म्हणून नोंदवलेली ही गोष्ट, आणि लगेच शेजारणी बोलू लागतात. ज्या बायकांनी "ही नामीच ना?" विचारले होते त्याच गावच्या बायका. परमेश्वर धन्य, त्याने तुला आज वतन सोडवणाऱ्याशिवाय ठेवले नाही, असे त्या म्हणतात. हा मुलगा तुझ्या म्हातारपणी तुला सांभाळील. आणि मग ती गोष्ट, जी पहिल्या दिवशी नामीला दिसली नव्हती : तुझ्यावर प्रेम करणारी ही सून तुला सात मुलांहून अधिक आहे.

नामीने बाळाला उरी धरले आणि ती त्याची दाई झाली. बायबलमध्ये बाळाचे नाव सहसा आई किंवा बाप ठेवतात. इथे शेजारणींनी ठेवले. "नामीला मुलगा झाला," त्या म्हणाल्या, आणि त्याला ओबेद म्हणाल्या, म्हणजे सेवा करणारा. तो इशायाचा बाप, आणि इशाय दावीद राजाचा.